कान्हाच्या नावावरची कुलपं

कान्हा नाखवाला कुठलीही वस्तू आणली तशी वापरता यायची नाही. सायकलची घंटा, आईचा स्टोव्ह, ऑफिसातली खुर्ची, सगळ्याला त्याचा हात लागलेला. चौऱ्याण्णव साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कंपनीत ईमॅक्स नावाचा एडिटर आला, तेव्हा तो कोणीतरी याच्यासाठीच केला असावा असं मला वाटलं. प्रोग्राम लिहायचं ते साधन, पण त्याची एकेक सवय आपल्या मर्जीप्रमाणे बदलता यायची. आम्ही कामाला लागायचो, आणि कान्हा एडिटरच्या डागडुजीला.

तोवर आमचा कारभार आरडाओरड्यावर चालायचा. ‘ही फाइल मी घेतोय, कोणी हात लावू नका,’ असं ओरडायचं आणि लिहायला बसायचं. तरी एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर चढायचंच. शेवटी आमचे साहेब, चांगदेव सर, वैतागले. त्यांनी फायलींच्या जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या जपून ठेवणारी व्यवस्था मशीनवर बसवली. फाइल बदलायची तर आधी तिचं कुलूप आपल्या नावावर घ्यायचं, बदल करायचा, काय केलं ते थोडक्यात लिहायचं आणि कुलूप सोडायचं. तोपर्यंत बाकीच्यांनी फाइल नुसती वाचायची. हे सगळं एडिटरमधून न उठता करता येतं, हे कान्हानेच शोधून काढलं आणि आम्हाला शिकवलं.

मी कल्याणची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांत वाढले, त्यामुळे कुलूप मला लगेच कळलं. रुमाल ज्याचा, जागा त्याची. पण टाकलेल्या रुमालावर येऊन बसायलाही हवं. कान्हाचं तिथेच बिनसलं. कुलूप न घेता टाइप करायला गेलं की एडिटर टुंग वाजवून अडवायचा, त्याचा याला भारी राग. म्हणून त्याने आपल्या सेटिंगमध्ये दोन-चार ओळी घुसडल्या. त्याने फाइल उघडली रे उघडली की कुलूप आपोआप त्याच्या नावावर. अख्ख्या गाडीत याचेच रुमाल. मी त्याला फैलावर घ्यायचे, तो हसत कुलूप सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या वर्षी खाडीजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यासाठी आम्ही प्रोग्राम केला. थंडावा कमी झाला की त्याने सायरन वाजवायचा. प्रोग्राम कान्हाचा, आणि चेंदणी कोळीवाड्यातल्या त्याच्याच माणसांच्या होड्यांना बर्फ त्या कारखान्यातून जायचा. त्याची आई मनुबाई मासळी बाजारात गिऱ्हाइकाला मासळीबरोबर पोराच्या मशीनची गोष्टही ऐकवायची. चाचणी फसली असती तर कान्हाला कोळीवाड्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती. कारखान्याच्या मालकाने चाचणी अलीकडे ओढली, ती नेमकी कान्हाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी.

आदल्या दिवशी कान्हाची हळद. ऑफिसात मी तापमानाचे खोटे आकडे भरून प्रोग्राम चालवून पाहिला, तर आकडा शून्याखाली गेला आणि सायरन बोंबलायला लागला. प्रोग्राम उणे चिन्हच खात होता. उणे आठ त्याला आठ वाटत होते. एका ओळीची दुरुस्ती, पण कुलूप कान्हाच्या नावावर. त्या फाइलचंच नाही, सगळ्याच फायलींचं. मी कपाळावर हात मारला.

कुलूप ओढून घेता येत होतं. घेऊ का, असं एडिटर विचारतो, ‘येस’ असा अख्खा शब्द टाइप करून घेतो, वर ज्याचं घेतलं त्याला चिठ्ठीही लिहायला लावतो. पण कान्हाने अर्धवट काही करून ठेवलं असलं तर? चांगदेव सर म्हणाले, “त्याला विचारल्याशिवाय नको.” कान्हाच्या शेजाऱ्यांकडे फोन केला, तर पलीकडून नुसता बेंजो ऐकू आला. आम्ही रिक्षा पकडली.

मांडवात कान्हा नखशिखान्त पिवळा होऊन पाटावर बसला होता. मी सायरनचं सांगितल्यावर तो तसाच उठला. मनुबाईने त्याला खांदा दाबून खाली बसवलं. “हलद लागली. आता भायेर पाय टाकाचा नाय.”

“आई, सायरन वाजंल गो उद्या.”

“वाजू दे. तू बस.”

“तुझं अर्धवट काम आहे का त्या फायलींत?” मी विचारलं.

“काही नाही गं. रजेवर जायच्या आधी सगळ्या एकदा बघून घेतलेल्या. नुसत्या.” मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो हळदीतूनही लाल झालेला दिसला. “घे तू कुलूप. आणि शेवंती, एकदा नीट चालवून बघ. आजवर माझा प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे मीच नेलाय.”

त्याच्या आवाजातला घोर ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. मनुबाईने हळद लावल्याशिवाय आम्हाला सोडलं नाही. चांगदेव सरांचा पांढरा शर्ट त्या दिवशी कामातून गेला. ऑफिसात येऊन मी ‘येस’ टाइप केलं तर तिन्ही बटणं पिवळी. चिठ्ठीत लिहिलं, ‘तू हळदीत अडकलास म्हणून घेतलं. जागा तुझीच आहे.’ ओळ दुरुस्त केली आणि प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवून पाहिला.

लग्न संध्याकाळचं होतं. मुंडावळ्या बांधलेला कान्हा सारखा दाराकडे बघत होता. आम्ही कारखान्याच्या टेम्पोतून उतरलो. मागून दोन हमाल गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आले. सरबतासाठी कारखान्याच्या मालकाने आहेर म्हणून पाठवलेली, आजच्याच चाचणीतली. कान्हाने लादी पाहिली, मग मला पाहिलं, आणि नवरदेवाने भरमांडवात रडायचं नसतं हे तो साफ विसरला.

“सायरन?” त्याने डोळे पुसत विचारलं.

“हूं की चूं नाही.”

“कुलूप सोडलंस ना?”

“सोडलं. तू आधी लग्न तर लाव,” मी म्हटलं आणि डोळे पुसायला त्याला माझा रुमाल दिला.