थांबवायची तार

खटका बंद दिसला म्हणून मी तो चालू केला. माझी चूक म्हणाल तर एवढीच. पण नांदेडात पंप आणि स्टार्टर विकण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाला बंद खटका बघवत नाही. हात आपोआप जातो.

खटका खरा नव्हता. आमच्या लेकीच्या कॉम्प्युटरमधल्या ठोकळ्यांच्या खेळातला होता. या खेळात डोंगर चौकोनी, झाडं चौकोनी, गाईसुद्धा चौकोनी. ठोकळे फोडायचे, ठोकळे रचायचे आणि आपलं गाव वसवायचं. साध्या खेळानं तिचं समाधान होईना म्हणून तिनं त्यात मॉड का काय म्हणतात ते टाकून वेगवेगळी यंत्रं आणली होती. त्यातली एक गिरणी. खदानीतला दगड एका बाजूनं टाकायचा, दुसऱ्या बाजूनं भुकटी पेटीत पडते. गिरणीपासून पार खदानीपर्यंत रेडस्टोनची तार अंथरलेली. रेडस्टोन म्हणजे लाल भुकटी. जमिनीवर रेघ ओढत जायचं, की झाली वायर. सिग्नल असला की रेघ लालभडक दिसते, नसला की काळपट.

बारावीसाठी लेक लातूरला निघाली तेव्हा बॅगा रिक्षात ठेवून झाल्यावर परत वर आली. मला वाटलं पाया पडायला आली. ती म्हणाली, "पप्पा, रोज थोडा वेळ गेम लावत जा. खदानीतला माल तेवढा गिरणीत टाका. दिवाळीला आले की मला मोठं काम काढायचंय."

मी म्हटलं, "हे काय सांगायचं काम आहे? मोटरीचा धंदा आहे आपला."

आणि पहिल्याच दिवशी गिरणीत दगड टाकले, परत खदानीशी आलो, तिथल्या भिंतीवरचा खटका बंद दिसला, तो चालू केला, मग कॉम्प्युटरही बंद केला, वर सवयीनं मेनचं बटणही बंद केलं. आता गिरणी आपली चालत राहील, अशा समाधानात जेवायला बसलो.

तिकडं लातूरला मात्र काहीच नीट चालत नव्हतं. संध्याकाळी क्लास सुटल्यापासून मेसची घंटा होईपर्यंत हॉस्टेलात फोन हातात मिळायचा. मी विचारायचो, "जेवण बरं आहे का?"

"हं."

"पाणी येतं का?"

"हं."

"अभ्यास?"

"चालू आहे."

मग मी फोन बायकोकडं द्यायचो. ती गॅलरीत जायची आणि परत यायची तेव्हा तिचे डोळे मी बघत नसे. एकदा ती आत येऊन नुसती उभी राहिली. म्हणाली, "तिला न्हाई राहायचं तिथं. आणायला या म्हणून राहिली."

लातूर काही लांब नाही. सकाळची एसटी धरली की संध्याकाळी पोरगी घरात. तेच तर अवघड होतं. लांब असतं तर प्रश्नच नव्हता. आणावं की ठेवावं, यावर आम्ही दोघं काही बोलत नव्हतो, पण घरात दुसरा विषयही नव्हता. शेवटी ठरलं, की दिवाळीपर्यंत वाट बघायची. ठरवलं बायकोनंच. मी मान हलवली.

अशातच गिरणी बंद पडल्याचं माझ्या लक्षात आलं. बऱ्याच दिवसांनी खेळ लावून बघतो तर मी टाकलेले दगड तसेच. खटका चालू, तार लालभडक, गिरणी मात्र गप्प. पोरीनं एवढी एक गोष्ट माझ्यावर सोपवली होती. संध्याकाळी फोन आला तेव्हा "जेवलीस का" विचारायच्या आत तोंडून निघून गेलं, "बाई, तुझी गिरणी बंद पडली."

पलीकडं आवाजात जान आली. "कशाला हात लावला का?"

"छे! कशालाच नाही."

हे वाक्य मी दुकानात फोनवर रोज ऐकतो. नायगावहून, धर्माबादहून, सगळीकडून. मोटर जळालेली असते, स्टार्टरचं झाकण उघडं असतं, आत सरड्याचा सापळा झालेला असतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, शेठ, कशालाच हात लावला न्हाई. मी एकावरही विश्वास ठेवत नाही.

लेकीनंही ठेवला नाही. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानात केबलच्या बंडलावर बसून गृहपाठ करायची. गिऱ्हाइकाला फोनवर मी काय काय विचारतो, हे तिला पाढ्यांसारखं पाठ. त्याच सुरात तिनं सुरुवात केली.

"मेन बघितलं का?"

"बघितलं. खटका चालू आहे. मीच चालू केलाय."

"तुम्ही केलाय?"

"मग? बंद होता तो."

ती थांबली. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "हं. बरं, तार कुठपर्यंत लाल आहे ते बघावं लागेल. खदानीपासून निघा. तारेच्या कडेकडेनं चालत या. आणि काय दिसतं ते सांगत या."

मी फोन स्पीकरवर टाकून कीबोर्डाशेजारी ठेवला. बायको मेथीची जुडी घेऊन मागच्या खुर्चीत बसली. माझी स्वारी निघाली. निघाली म्हणजे आधी खड्ड्यात पडली. मग एका गाईला अडकली. या खेळात चालायला एका हातानं बटणं आणि मान वळवायला दुसऱ्या हातानं माऊस लागतो. माझे दोन्ही हात एकाच वेळी एकच काम करणारे.

"कुठं आलात?"

"नदी दिसून राहिली."

"ती गोदावरी आहे. पुलावरून या. पुलावरही तार लाल आहे का?"

"आहे."

"घाटावर दिवे लागलेत का?"

आता दिव्यांचा आणि गिरणीचा काय संबंध, हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. नाही आलं. मी इमानदारीत घाटावर जाऊन आलो. दिवे लागले होते. तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." तेवढ्यात मेसची घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी पुलापासून पुढं. तार एका गल्लीत वळत होती. गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं. शटर अर्धं वर. बाहेर पाइपांसारख्या काठ्या उभ्या करून ठेवलेल्या. आत गल्ल्यामागं लाकडी पुतळा, त्याच्या डोक्याच्या जागी भोपळा.

"हे कोण आहे?"

"तुम्ही."

"आणि डोकं भोपळ्याचं?"

"दुसरं मिळालं नाही, पप्पा."

मागं मेथी निवडायची थांबली. बायको एवढी हसली की तिला ठसका लागला. तो ऐकून लातूरला लेक हसायला लागली. लातूरला गेल्यापासून तिचं हसणं आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. बायकोनं पदर तोंडाला लावला आणि माझ्या खांद्याला ढोसलं. पुढं चला, बोलत राहा, असं.

"आणि मी कुठंय गं?" तिनं विचारलं.

"तू घरात. वरच्या मजल्यावर. पप्पा, गल्लीच्या टोकाशी जा, तिथल्या जिन्यानं वर. पण तारेवर पाय देऊ नका."

वर आमचंच घर होतं. चौकोनी, पण आमचंच. गॅलरीत दोऱ्या, गच्चीवर निळी टाकी, स्वयंपाकघराच्या खिडकीशी दुसरा पुतळा. त्याच्या डोक्यावर सोन्याचा टोप.

"बघा," बायको म्हणाली, "पोरीला माणसाची पारख आहे."

असं रोज चालू झालं. सहाच्या सुमाराला मी दुकान नोकरावर टाकून घरी पळायचो. शेजारचा कटलरीवाला म्हणाला, "काय शेठ, रोज लवकर चालले, बीपीच्या गोळ्या बदलल्या का?" मी म्हटलं, एक मोटर बंद आहे, लाइन बघायला चाललो. खोटं काय होतं त्यात?

लेक रोज एक नवीन शंका काढायची. आज म्हणे तार शाळेच्या मागून जाते तिथं कुणी ठोकळा ठेवला असेल. उद्या म्हणे सिग्नल पंधरा ठोकळ्यांनंतर दम सोडतो, म्हणून मधे मधे रिपीटर आहेत, ते मोजून या. रिपीटर म्हणजे एक छोटी पाटी. थकलेल्या सिग्नलला पुन्हा जोर देणारी. मी मोजत जायचो आणि ती मधेच विचारायची, "चिंचेवर अजून पाखरं बसतात का?", "आईचं तुळशीचं झाड हिरवं आहे ना?" मी सगळं बघून सांगायचो. बोलता बोलता तिचंही निघायचं. खोलीतली मुलगी झोपेत इंग्रजी व्याख्या म्हणते. मेसचं वरण इतकं पातळ की त्यात तोंड दिसतं. पहिल्या चाचणीत मार्क कमी पडले, आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडली. हे शेवटचं तिनं मी पुलाच्या मधोमध असताना सांगितलं. मी तिथंच थांबलो.

"आणायला येऊ का, माय?" मी विचारलं.

मागं बायकोनं खुर्ची फोनजवळ ओढली.

"आधी गिरणी तर चालू करा," लेक म्हणाली. "थांबू नका. पुढं चला."

मग तो दिवस आला. तिनं सांगितलं, दुकानापुढचा रिपीटर काढून पुन्हा बसवा. मी काढला. पण दुकान पाठीशीच होतं, आणि आपल्या भोपळ्याकडं बघितल्याशिवाय मला राहवेना. मागं वळलो, बघितलं, आणि तसाच उलट्या तोंडानं उभा असताना रिपीटर बसवून टाकला. बसवून बघतो तर पुढची सगळी तार काळी पडलेली.

"गेली!" मी ओरडलो. "होती तेवढी लाइनही गेली!"

आणि लांब कुठून तरी घरघर ऐकू आली. मी धावत गेलो; म्हणजे धावायचं बटण शोधून धावत गेलो. गिरणी चालू! पेटीत भुकटी पडत होती.

"पोरी, लाईट नसताना मोटर चालून राहिली!"

"रिपीटर उलटा बसवलात, पप्पा," ती म्हणाली. "त्याला तोंड आणि पाठ असते. उलटा बसला की सिग्नल पुढं जात नाही."

"पण सिग्नल नसताना चालली कशी?"

बोलता बोलता माझं मलाच उमगलं. आमच्या गच्चीवरच्या टाकीत पाण्यावर तरंगणारा गोळा मीच बसवलाय. दुकानात मीच शेकड्यानं विकतो. टाकी भरली की गोळा वर येतो आणि मोटर थांबते. तिथं सिग्नल येतो तो थांबवायला. गिरणीची ही तारही चालवायची नव्हतीच. पेटी भरली की गिरणी थांबावी म्हणून ती होती. खटका त्याच तारेच्या खदानीकडच्या टोकाला जोडलेला, तिथूनच हातानं थांबवायचं असेल तर. आणि मी पहिल्याच दिवशी तो चालू करून गिरणी थांबवून बसलो होतो. त्यानंतर रोज लालभडक तारेवर खूश होऊन हिंडत होतो.

मी खटका बंद केला, रिपीटर सरळ केला. गिरणी छान चालत राहिली. मी विजयी वीरासारखं फोनकडं बघितलं.

"आपल्या टाकीसारखं आहे की हे!"

"हो. मी तुमचं बघूनच तसं लावलं होतं."

आवाज पडलेला. मला वाटलं थकली असेल. मग हळूहळू माझ्या भोपळ्यात उजेड पडला.

"अगं, पण मग खटका मी चालू केला हे तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हाच का नाही बोललीस?"

फोनवर फक्त तिच्या हॉस्टेलातला गलका. भांड्यांचा आवाज, कुणी कुणाला हाका मारतंय.

"मेसची घंटा झाली, पप्पा. जाते. गिरणी चालू ठेवा."

"आता उद्या..." मी म्हणालो. पण उद्या काय, ते मला सुचेना. घाट झाला, दुकान झालं, घर झालं. तार नीट होती. फोन बंद झाला, खोलीत नुसती गिरणीची घरघर राहिली.

मी खुर्ची फिरवली. बायकोच्या मांडीवर निवडलेली मेथी एका बाजूला, काड्या एका बाजूला. ती माझ्याकडं अशी बघत होती, की जळालेली मोटर घेऊन दुकानात आलेलं गिऱ्हाईकही तसं बघत नाही.

"इतक्या लवकर कशाला दुरुस्त केली हो?" ती म्हणाली. मग काड्या गोळा करत उठली. "उद्या सहाला सांगा तिला, परत बंद पडली म्हणून. आणि या वेळी जरा नीट बिघडवा."