धर्माजींचा हात

रियाज सर कविता वाचायचे नाहीत, बघायचे. त्यांच्यासमोर कोणी कवितेचा कागद हातात घेऊन घसा खाकरला की ते कागदच काढून घ्यायचे. "वाचू नको, बघ," म्हणायचे. मला ते पहिल्यांदा असं म्हणाले तेव्हा मी नुकतीच कॉलेजला लागले होते आणि निगडीच्या त्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं होतं. मला वाटलं, हा माणूस थोडा सटकलेला आहे. आज माझे केस पिकले तरी ते मत फारसं बदललेलं नाही. फक्त अशी सटकलेली माणसं किती कमी असतात, हे आता कळतं.

तेव्हा टायपिंगच्या प्रत्येक क्लासच्या भिंतीवर एखादं चित्र असायचंच. टाइपरायटरच्या अक्षरांनी काढलेला गणपती, नाहीतर ताजमहाल. परीक्षा पास झालेली हौशी मुलं ती काढायची. सरांकडे मुलांपेक्षा कंपनीतली माणसं जास्त. पहिली शिफ्ट सुटली की हाताचं ऑइल खसाखसा धुऊन यायची. टायपिंगचं सर्टिफिकेट मिळालं तर मशीनवरून उठून ऑफिसच्या खुर्चीत बसता येईल, ही आशा. त्यांच्यातल्या काहींनी गणपतीऐवजी मनातलं काढायला सुरुवात केली. एकानं 'ओव्हरटाइम' हा शब्द पुन्हा पुन्हा टाइप करून कागदभर जिना चढवला होता आणि वर दारच ठेवलं नव्हतं. एकानं चौफेर 'पाणी पाणी' लिहून मधली विहीर कोरी सोडली होती.

सरांना याचं वेड लागलं. चिखलीच्या वर्कशॉपमध्ये, तळवड्याच्या एखाद्या युनिटात, चाकणकडच्या गावात कोणी शब्दांना आकार दिलाय असं नुसतं कानावर आलं की स्कूटरला किक. युनियनच्या फळ्यावरचे, भित्तिपत्रकांवरचे, हाताने काढलेले, टाइप केलेले, सगळे कागद त्यांनी एका चपट्या पत्र्याच्या पेटीत जपले. दोन कागदांमध्ये जुन्या कॅलेंडरचं जाड पान, कोपऱ्यात कडुनिंबाचा पाला. मागच्या बाजूला पेन्सिलीनं नाव आणि गाव. घडी घालायची नाही, लॅमिनेशन करायचं नाही आणि फोटो तर मुळीच काढायचा नाही.

"सर, मोबाईलवर काढून ठेवते ना, दोन मिनिटांचं काम आहे," असं मी कितीदा तरी म्हटलं.

"फ्लॅशनं शाई उडते, मंजुषा. आणि फोटोत कागद कुठे येतो?"

हट्टी माणूस. पण एका बाबतीत त्यांचं खरं होतं, आणि ती बाब म्हणजे धर्माजींचा हात.

धर्माजी चाकणजवळच्या एका गावचे शेतकरी. पुढे एका छोट्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर लागले आणि उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं तिथेच ठेवून आले. मालक म्हणाला, टायपिंग शिकलास तर स्टोअरमध्ये घेतो. म्हणून ते क्लासला आले. उरलेल्या बोटांनी ते टाइप करायचे तेव्हा आम्ही मुली बघायचो नाही, बघवायचं नाही. परीक्षा काही पास झाले नाहीत. मात्र जाताना त्यांनी सरांना एक कागद दिला. कागदावर स्वतःचा तळवा ठेवून पेन्सिलीनं कडा आखली होती आणि आतली जागा शब्दांनी भरली होती. कासरा धरला. विळा धरला. पोरगं धरलं. हँडल धरलं. नसलेली दोन बोटंही त्यांनी अंदाजानं आखली होती, पण त्यांत शब्द नव्हते, नुसती टिंबं. पेन्सिल नंतर खोडून टाकली. टाइपरायटरचं टिंब जोरात मारलं की कागदाला भोक पडतं. तो कागद खिडकीशी धरला की ती दोन बोटं उजेडाची दिसायची.

"घरात पोरं फाडत्याल. तुमच्याकडं असू द्या," असं म्हणून धर्माजी गेले.

काही वर्षांनी धर्माजी वारले आणि पित्राच्या दिवशी त्यांच्या पत्नी, भागूबाई, पहिल्यांदा क्लासचा जिना चढल्या. कावळ्याला घास ठेवून, घरच्यांचं आवरून त्या बसनं निगडीला आल्या होत्या. त्यांना लिहिता वाचता येत नाही. सरांनी पेटीतून कागद काढून पुढे ठेवला, त्यांनी त्यावर आपला तळवा टेकवला आणि लगेच म्हणाल्या, "व्हय. त्यांचाच हाय." मग कागद उचलून खिडकीशी धरला. सर म्हणाले, "घेऊन जा, तुमचाच आहे." त्या म्हणाल्या, "आमच्याकडं पत्रा गळतोय. तुमच्याकडं ऱ्हाईल. घरी फोटू हाय त्यांचा, पर त्यात तोंड हाय, हात न्हाई."

तेव्हापासून दर पित्राला त्या यायच्या. क्लास बंद पडला, सगळं कॉम्प्युटरवर गेलं, तरी यायच्या. हात बघायच्या, चहा घ्यायच्या, जायच्या. इतकी वर्षं मी कविता वाचणारे खूप पाहिले आहेत, चार ओळींत दोनदा डोळे मिटणारेही पाहिले आहेत. भागूबाईंसारखा वाचक मला दुसरा भेटला नाही.

यंदा सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. विश्रांतीसाठी ते मुलीकडे, सिदराकडे, जाऊन राहिले. त्याच सुमारास मुलगा अजिम निगडीची जुनी जागा सोडून चिखलीच्या नव्या फ्लॅटमध्ये सामान हलवत होता. अजिम तळवड्याला आयटीत आहे, गुणी मुलगा. अब्बांच्या पेटीचं आपण काहीतरी करावं असं त्याच्या मनात फार दिवसांपासून होतं. त्यानं पेटी एका डीटीपीवाल्याकडे नेली, रात्रपाळी करून स्वतः प्रुफं तपासली, आणि सर परत आले त्या दिवशी त्यांच्या हातात पुस्तक ठेवलं. जाड गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरात सरांचं नाव.

"अब्बा, एकही शब्द गाळलेला नाही," तो म्हणाला.

खरंच गाळला नव्हता. सगळे शब्द होते. एकाखाली एक, डाव्या बाजूला नीट लावलेले. जिना सरळ झाला होता. विहीर बुजली होती. मधल्या मोकळ्या जागा डीटीपीवाल्यानं चुका समजून मिटवल्या होत्या आणि टिंबं कचरा समजून काढून टाकली होती. करायला गेला गणपती, झाला मारुती.

सरांनी पानं उलटली आणि हळूच विचारलं, "कागद?"

डीटीपीवाल्यानं काम संपल्यावर फोन करून विचारलं होतं, जुन्या कागदांचं काय करू. अजिम मीटिंगमध्ये होता. म्हणाला, आता पुस्तक झालंय, द्या रद्दीत. पेटी मात्र धुऊन पुसून घरी आणली होती.

मला कळलं तेव्हा मी अजिमला फाडून खाणार होते. सरांच्या घरी गेले तर तो पोरगा जिन्यात बसला होता, डोळे लाल. मी त्याला हाताला धरून उठवलं. आम्ही दोघं चिखलीच्या भंगारच्या गोदामांमधून फिरलो. एक गोदामवाला भला होता. म्हणाला, "ताई, कागदाचे गठ्ठे बांधून ट्रक कधीच गेला. आतापर्यंत त्याचा पुठ्ठा झाला असेल." सरांना आम्ही एवढंच सांगितलं की मिळाले नाहीत. ते म्हणाले, "बरं." शेजारीपाजारी पुस्तक बघून सरांचं अभिनंदन करत होते. एक जण म्हणाला, आता कशी वाचायला सोपी झाली! सर त्याला या, बसा म्हणाले, पाणी दिलं. पोरानं प्रेमानं दिलेल्या भेटीबद्दल ओरडायचं कुणावर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

पण पितृपक्ष जवळ येत होता आणि सरांना जेवण जाईना. बाकीच्या कागदांचं ते नावही काढत नव्हते. एकच घोर होता, भागूबाईंना काय दाखवू?

सरांच्या बायकोनं, नूरबी चाचींनी, उपाय काढला. "तुमीच टाइप करा की. शब्द पुस्तकात हायेत. तिला कुठे वाचता येतं?" सरांनी माळ्यावरून जुनं मशीन उतरवलं. रिबन वाळलेली होती, ती मी कुठूनतरी नवी मिळवून आणली. सरांनी रोलरमध्ये कागद घालण्याआधी तो टेबलावर ठेवला, त्यावर आपला उजवा हात ठेवला आणि डाव्या हातात पेन्सिल घेतली. त्यांचा हात लांब बोटांचा, नाजूक. धर्माजींचा पंजा रुंद, नांगराचा. शेवटी त्यांनी पेन्सिल ठेवली.

"त्यांना वाचता येत नाही, पण बघता येतं," ते म्हणाले. "त्यांना कसं फसवू?"

भागूबाईंना नवा पत्ता फोनवर सांगितला होता. त्या आल्या तेव्हा मीही तिथे होते. सरांनी मला बोलावलं होतं, एकट्याला धीर होत नव्हता. भागूबाई थकल्या होत्या, लिफ्टला घाबरून जिन्यानं चढल्या होत्या. पाणी प्यायल्या आणि पदराला हात पुसून बसल्या. सरांनी पुस्तकातलं ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

"आता पुस्तकात आलंय," सर म्हणाले.

भागूबाईंना आनंद झाला. त्यांनी तळवा पानावर टेकवला, थोडा सरकवला, पुन्हा टेकवला. मग सवयीनं पुस्तक दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी धरलं. जाड कागद. त्यातून काहीच दिसेना. त्यांनी पान उलटून पाहिलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. पुस्तक जड होतं तरी त्या धरून राहिल्या.

"सर, पान चुकलं व्हय? ह्यात हात कुठं हाय?"

तेव्हा रियाज सरांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. कविता मोठ्यानं वाचली. "कासरा धरला. विळा धरला. पोरगं धरलं. हँडल धरलं."

भागूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "समदं माझ्याम्होरंच तर केलं त्यांनी. तुमी हात दावा."

अजिम चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. तो ना पुढे आला, ना मागे गेला. सरांनी मग सांगितलं, सगळं, पण अजिमचं नाव घेतलं नाही. घर बदलताना माझ्या हातून गेलं, म्हणाले. भागूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तक मिटून नीट टेबलावर ठेवलं आणि उठल्या.

"पेटीतच आसंल कुठं तरी," त्या म्हणाल्या. "पुढल्या पित्राला येते मी. घावला तर काढून ठेवा."

सर म्हणाले, "हो, ठेवतो."