माझ्या लग्नपत्रिकेची चौकट

माझी हुशारी तुम्ही फार ऐकलीय, तर आज चहा संपेपर्यंत माझा गाढवपणाही ऐकून घ्या. माझ्याच लग्नाचा आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही.

सत्त्याण्णव साल. वरोऱ्यात एका छापखान्यात मी कंप्युटरवर पानं लावायचो. नागपूरला तीन महिन्यांचा कोर्स केला होता, म्हणजे माझ्या मते पेजमेकर सॉफ्टवेअर मला विचारूनच चालायचं.

त्या सकाळी तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, तीन पत्रिका आल्या होत्या. तेरवी म्हटलं की जाड काळी चौकट. दरवेळी चौकट काढा, तिला जाडी द्या, रंग द्या, कोण करत बसणार? मी युक्ती केली. कुठलंही काम उघडं नसताना चौकटीचा रंग काळा ठरवून टाकला. असं केलं की पुढे काढाल ती प्रत्येक चौकट आपोआप काळी येते, तुम्ही तो बदलेपर्यंत. मी बदलायचा विसरलो.

दुपारी तिथंच माझी पत्रिका केली. नावं आणि चौकट लाल, बाकी मजकूर काळा, असं डोक्यात होतं. नावांना आठवणीनं लाल दिला. चौकटीलाही दिलाय असं समजलो. आमचा मॉनिटर काळा-पांढरा, त्यात लाल काय नि काळा काय.

संध्याकाळी होणारे सासरे आले, चिमूरकडचे. गावच्या तलावात मासे धरणारा माणूस, बोलणं मोजकं. मी कौतुकानं प्रूफ दाखवलं.

“जावाईबापू, चौकट काळी दिसून राह्यली.”

“मामाजी, प्रूफ काळंच निंगते. मंग लाल होते.”

“तेरवीवानी वाटते न जी.”

मग मी त्यांना शाई, मशीन, कंप्युटर असं दहा मिनिटं समजावलं. “तुमी शिकलेले मानसं, तुमालेच समजन,” म्हणून ते बस पकडायला गेले.

मशीनवर छापणारे रामभाऊ, त्यांनीही विचारलं. लाल शाईचा कागद वेगळा, काळ्या शाईचा वेगळा, असं आम्ही त्यांना द्यायचो. “भाऊ, चौकट काळ्याच्या कागदावर हाय. बरोबर हाय न?”

“नागपूरले शिकून आलो मी. जसं देल्लं तसं छापा.”

त्यांनी छापलं. मी कपडे शिवायला टाकायच्या धावपळीत. एक गठ्ठा चिमूरच्या बसनं सासऱ्यांकडे गेला, दुसरा आमच्या नातेवाइकांना पोस्टानं. एक तरी पत्रिका उघडून बघावी, हे कोणालाही सुचलं असतं. मला नाही सुचलं.

लग्नाला दोन दिवस उरले आणि ऊर्जानगरची आत्या रडतच दारात आली. मला पाहून तिनं माझा हात धरला, दाबून पाहिला.

“तू हायेस बाबू?”

“मी कुठी जाऊन राह्यलो?”

“कार्ड आलं. काळी चौकट अन् तुयं नाव मोठ्ठं. पुढचं वाचलंच नाई म्या. दारातच फाडलं अन् डोक्यावरून पानी घेतलं.”

मरणाचं पत्र आपल्याकडे घरात घेत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. असं किती दारांत फाडलं गेलं असेल? एसटीडी बूथवर धावलो, ज्यांच्याकडे फोन होते त्यांना मी जिवंत असल्याचं कळवलं. खरी भीती वेगळीच होती. तीनशे काळ्या पत्रिका सासऱ्यांकडेही गेल्या होत्या. पोरीच्या लग्नात असा अपशकुन कोणता बाप सहन करील? लग्न मोडलं, असंच मी धरून चाललो.

निरोप काही आला नाही, म्हणून निघालो. आमची वरात म्हणजे अकरा माणसं, त्यात सहा बँडवाले. मांडवात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खं गाव जमलेलं. मी सासऱ्यांना हळूच विचारलं, “मामाजी, पत्रिका वाटल्या?”

त्यांनी खिशातून एक काढून माझ्या हातात दिली. चौकट लालभडक. ओलं कुंकू बोटानं भरलेलं.

“तीनशे होत्या. सारं घर तीन दिवस बसलं जी.”

“पन काऊन?”

“तुमीच त सांगतलं होतं, आता काळी दिसते, मंग लाल होते. मले वाटलं, ते आमालेच करा लागते.”