कल्हईचा रविवार

"उद्यापासून येऊ नगंस," असं बाई मला रोज सांगायच्या. भात कच्चा राहिला तरी सांगायच्या आणि चांगला झाला तरी. ओला हात पदराला पुसायचा, उलथनं दाराकडं रोखायचं आणि म्हणायचं. मी दुसऱ्या दिवशी पहाटे हजर. मग त्या चुलीकडं तोंड करून म्हणायच्या, "आलं व्हय खानदेश? लाज कशी न्हाई!" आणि लाकडं माझ्याकडं ढकलायच्या.

खानदेश म्हणजे मी. मराठी तिसरीतून शाळा सोडली, पुढं मोजणीवाल्यांच्या मागं साखळी ओढत मुलूख ओलांडून इकडं आलो आणि वेल्ह्यात तापानं आडवा झालो. मोजणीवाले पुढं निघून गेले. मी बाईंच्या खानावळीच्या ओट्यावर पडलेला. शुद्धीवर आल्यावर पहिलं ऐकलं ते हे : "मरायचं आसंल तर पल्याड जाऊन मर. हितं मानसं जेवत्यात." बोलता बोलता त्यांनी नाचणीच्या पेजेची वाटी माझ्या तोंडाला लावली होती, ती इतक्या जोरात की दात दुखले. बरा झालो तो तिथंच कामाला राहिलो. झोपायला मारुतीचं देऊळ, जेवायला खानावळ. एकदा मी त्यांना मावशी म्हटलं.

"म्या तुजी मावशी न्हाई. तुज्या मावश्या तिकडं खानदेशात."

तेव्हापासून मीही सगळ्यांसारखं बाई म्हणू लागलो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती वरून काटेरी, आतून गोड असतात असं आपण धरून चालतो. मीही तो गोडवा बरेच दिवस शोधला. पण बाई आतूनही तशाच होत्या. कचेरीतले कारकून त्यांच्याकडं जेवायचे, कारण वेल्ह्यात दुसरीकडं जेवायची सोय नव्हती. कुणी मीठ मागितलं तर म्हणायच्या, "समुद्र लांब हाय." कुणी भाकरी परत केली तर ती त्याच्याच ताटात संध्याकाळी यायची. कारकून त्यांच्यावर दात खाऊन होते. त्याही कारकुनांवर.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, साखर मिळेना, हे सगळ्यांना आठवत असेल. कथील मिळेना, हे मात्र खानावळवाल्यांनाच आठवेल. पितळेच्या भांड्याला आतून कथलाची कल्हई नसली की आंबट पदार्थ त्यात कळकतो, म्हणजे हिरवट होतो, जिभेला कडू लागतो, पोट ढवळतं. आमच्या भांड्यांची कल्हई उडून पितळ उघडं पडलं होतं. म्हणून बाई चिंचेचं, ताकाचं काही करत नव्हत्या. पण एका सकाळी अव्वल कारकुनांनी हट्टानं कढी करायला लावली, आणि दुपारी कचेरीच्या मागं भिंतीला धरून ओकले.

"विष घालता का आम्हाला?" संध्याकाळी ते ओट्यावर उभे राहून ओरडले. "पुन्हा एकदा असं झालं, तर ही कचेरीची जागा रिकामी करायची. आमचा मेहुणा उद्या खानावळ घालायला तयार आहे."

"मग घाला की. मेव्हण्याच्या हातची खावा नि ओका."

बाई असं बोलल्या खऱ्या, पण त्या रात्री त्यांनी मला 'उद्यापासून येऊ नगंस' म्हटलं नाही. मला त्याचीच भीती वाटली. खानावळ गेली तर मी कुठं जाणार होतो? परत खानदेशात जायला मला तोंड नव्हतं.

पुढच्या रविवारी कारकुनांनी भोरला सहल ठरवली. नीरेत पोहायचं, राजवाडा पाहायचा, घाटावर सावलीत जेवायचं, पत्ते खेळायचे, दिवेलागणीला परत. पेट्रोल मिळेना म्हणून पाठीमागं कोळशाची भट्टी लावून तिच्या वायूवर चालणारी मोटार भाड्यानं आणली. स्वयंपाकाला बाईंना न्यावं लागणारच होतं, आणि अव्वल कारकुनांनी त्यांना खिजवायला मुद्दाम चिंचेची आमटी सांगितली. बाईंनी एका शब्दानंही कुरकुर केली नाही. खानावळीतली सगळीच्या सगळी भांडी, घंगाळापासून वाटीपर्यंत, पोत्यांत भरून त्यांनी मोटारीत घातली. कारकुनांना पाय ठेवायला जागा उरली नाही.

"बाई, सहा माणसांच्या जेवणाला एवढी भांडी?"

"तुमची भूक कुटं ठावं न्हाई मला?"

वाटेत चढाला मोटार बसली की कारकून उतरून ढकलायचे. बाई पोत्यांवर बसून राहायच्या आणि वरून म्हणायच्या, "जोर लावा. लिवून लिवून हात मऊ झाल्यात."

भोरला पोचल्यावर एवढ्या भांड्यांचं कारण कळलं. बाईंनी कुणाकडून तरी ऐकलं होतं की तिथल्या एका कल्हईवाल्या चाचांनी कथलाची कांडी जपून ठेवली आहे. घाटाच्या अलीकडंच त्यांचं घर. कारकून धोतरं सोडून पाण्यात उतरेपर्यंत बाईंनी चाचांना घाटाच्या कडेलाच खड्डा खणायला लावला होता.

"आक्का, ही कांडी मी वाड्यावरच्या भांड्यांसाठी ठेवलीय."

"वाड्यावरचं लोक चांदीत जेवत्यात. आन हिकडं."

"भाता मारायला मानूस न्हाई. पोरगा पलटनीत गेलाय."

"हा हाय की. खानदेश! बस."

मी भाता धरला. निखारे फुलले, पातेलं तापलं, चाचांनी नवसागर टाकला आणि पांढऱ्या धुराचा लोट उठून नेमका घाटावर गेला. पाण्यातले कारकून खोकू लागले. चाचांनी कथील टेकवलं, कापसाचा बोळा फिरवला, आणि काळवंडलेलं पातेलं आतून चंद्रासारखं झालं. बाईंनी वाकून पाहिलं.

"हातात काय मेंदी लावलीया व्हय? कडंला राहिलं की!"

"आक्का, कल्हई हाय ही. चुना न्हवं," चाचा म्हणाले आणि कडेला पुन्हा बोळा फिरवला.

सूर्य डोक्यावरून कलला. कारकुनांचं पोहणं झालं, राजवाडा पाहून झाला, पत्त्यांचे डाव झाले. एकेक जण येऊन चुलीकडं पाहून जाऊ लागला. चूल म्हणजे तीन दगड, आणि थंड. शेवटी अव्वल कारकून ओल्या केसांनी समोर उभे राहिले.

"जेवण कुठंय?"

"तुमी चिंचंची आमटी सांगितली. समदी भांडी झाल्याबिगर चूल पेटायची न्हाई."

"एक पातेलं झालंय ना? त्यात करा!"

"एकात आमटी करीन, नि वाढू कशात? वाटीत कळकली तर पुन्यांदा माजंच नाव."

मी हळूच म्हटलं, "बाई, पिठलं-भात करू या. त्यात आंबट काही नाही."

"तू भाता मार."

तुम्हाला सांगतो, पिठलं-भात केला असता तर सगळं निभावलं असतं. सहा माणसं जेवली असती, सावलीत लवंडली असती, आणि खानावळ कदाचित राहिली असती. पण आमटी मागितली होती, तर आमटीच द्यायची आणि ती घशाखाली उतरताना पाहायची, हे बाईंनी कढीच्या दिवसापासून मनात धरलं होतं. अव्वल कारकुनांनी चपला घातल्या.

"खानावळ तुमची राहिली नाही, बाई. उद्या मेहुण्याला बोलावतो. आणि मोटारीत ही डबडी परत येणार नाहीत."

ते बाजारात भजी खाऊन परस्पर मोटारीत बसले. आम्हाला फक्त भोंगा ऐकू आला.

बाई उठल्या नाहीत. शेवटची वाटी होईपर्यंत चाचांच्या हाताकडं बघत बसल्या. मग चूल पेटवली आणि सहा माणसांची आमटी केली, चिंच मुद्दाम जास्त घालून. मला, चाचांना आणि चाचांच्या घरातल्यांना पानं वाढली. आमटीचा रंग सोन्यासारखा होता. तशी आमटी मी पुन्हा खाल्लेली नाही. मी दोनदा मागून घेतली.

"खा. मेव्हना असली घालनार न्हाई," बाई म्हणाल्या. स्वतः जेवल्या नाहीत.

"बाई, आता वेल्ह्याला कसं जायचं?"

"वेल्ह्यात माजं काय ऱ्हायलंय? एक जातं. ते त्यांच्या छातीवर ठिवू दे."

त्यांचा भाऊ हिर्डोशीला. मिठाची पोती घेऊन एक गाडी तिकडं निघाली होती, ती त्यांनी गाडीवानाशी भांडून थांबवली. भांडी चढवली. मीही माझं घोंगडं उचललं. बाई चाचांकडं वळल्या.

"भात्याला मानूस पायजे म्हनत हुता न्हवं? ह्याला घ्या. चोर न्हाई. बाकी काय येत न्हाई त्याला."

"बाई, मी तुमच्याबरोबर येतो."

"भावाच्या दारात मीच जड व्हनार. तुला कुटं घालू?"

त्या गाडीत चढल्या, पातेलं मांडीवर घेतलं. गाडी हलल्यावर हात पदराला पुसला. उलथनं पोत्यात होतं, म्हणून नुसतं बोट माझ्याकडं रोखलं.

"उद्यापासून येऊ नगंस."

गाडी वळणाआड गेली. बाईंनी मागं पाहिलं नाही. मी पाहत राहिलो.

त्या रात्री चाचांच्या पडवीत झोपलो. त्यांच्या घरी मी पुढं कितीतरी वर्षं काढली, कल्हई शिकलो, पोट भरलं. ते सगळं त्या एका शिफारशीवर. बाई पुन्हा कधी दिसल्या नाहीत. हिर्डोशीकडची भांडी आली की मी आणणाऱ्याला विचारायचो. तो नाही म्हणून मान हलवायचा.

पण दुसऱ्या दिवसाची पहाट अजून आठवते. अंधारातच जाग आली. सवयीनं उठलो, काटक्या गोळा केल्या, घाटावर त्या तीन दगडांपाशी गेलो आणि चूल पेटवली. चांगली पेटली. मग लक्षात आलं, वर ठेवायला भांडं नव्हतं, आणि 'लाज कशी न्हाई' म्हणायलाही कुणी नव्हतं.