चार संत्री आणि एक बाटली

अमरावतीहून अकोल्याच्या एसटीत चढलो तेव्हा माझ्याजवळ बर्फाची पेटी, रिकाम्या बाटल्या आणि चार संत्री होती. पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही, एवढं मी गुहागरला आठवीत शाळा सोडण्याआधीच शिकलो होतो.

कंडक्टरने पेटी ठोकून पाहिली. "आइस्क्रीम विकून राहिला काय बे?"

"नाही. येताना यातून लोकांची लघवी आणायची आहे."

शेजारचा माणूस उठून मागे गेला. वऱ्हाडात इतकी ऐसपैस जागा मला प्रथमच मिळाली.

काम असं, की खाल्लेल्या अन्नाचे हजारो बारीक अंश लघवीत उतरतात. ते यंत्रात तपासून माणूस काय खातो ते ओळखायचं. अमरावतीच्या प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडम याला मेटाबोलोमिक्स म्हणतात. शिकलेली पोरं बेकार फिरत असताना, हा शब्द म्हणायला महिना लावणाऱ्या मला त्यांनी ठेवून घेतलं. त्यामुळे चुकायची धास्ती फार.

संध्याकाळी मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात, या अभ्यासात नाव दिलेल्या जुबेदाआपांकडे पोचलो. नमुना सकाळी घ्यायचा, म्हणून मुक्काम तिथेच. आपांचं बांगड्यांचं दुकान. कापूस बुडाल्यापासून खेड्यावरच्या बाया येत नाहीत. आपा काचेवरची धूळ तेवढी पुसतात. तरी मला भाकर आणि बेसन (आपलं पिठलं) वाढलं. मग माझंच संत्रं सोलून अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. "एकटं खाल्लं तं गोड नाही लागत."

तिसरं संपल्यावर मी फॉर्म उघडला. आपांचा गट : आठ दिवस संत्रं वर्ज्य.

"आपा, घात झाला. नमुना वाया गेला. माझी नोकरी जाते आता."

"मंग लिही ना, नाही खाल्लं म्हणून."

"यंत्राला कळतं."

"संत्रं खाल्लं, थे कळते?"

"हो."

"अन् भाजी नाही खाल्ली, थे?"

"तेही कळत असेल."

आपा हसल्या. "मंग ने बाबा बाटली. तोंडानं सांगतो तं कोणी ऐकून नाही राहिलं."

सकाळी बाटली भरून आली. फॉर्मवर मी लिहिलं : 'संत्री खाल्ली. आणणारा मीच.' परतीच्या गाडीतही शेजारी कोणी बसलं नाही. घाबरायला भरपूर जागा होती.

अमरावतीत मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली आणि बाटली वेगळी ठेवली. "बघू, यंत्र तुझ्याइतकं खरं बोलतं का."

नोकरी राहिली. शिक्षा एवढीच, की आठ दिवसांनी आपांच्या दारात पुन्हा जायचं, रिकाम्या हाताने.