पेटीचं दार

आमच्या चाळीत लहानथोर सगळ्यांना पाठ होतं की बाबांच्या मधमाश्या सरकारने मारल्या. जानेवारीच्या दंगलीत पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो गच्चीवर चढला आणि पेटीतल्या सगळ्या माश्या तडफडून मेल्या. बाबाच सांगायचे. दुधाच्या रांगेत सांगायचे, जिन्यात सांगायचे, घाईत असलेल्याचा हात धरून सांगायचे. मी बाजूला उभी राहून मान डोलवायची. त्या माश्या सरकारने मारल्या नव्हत्या. मी मारल्या होत्या.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. आमची चाळ गिरगावात, हमरस्त्याला लागून, त्यामुळे मोर्चा निघाला की पहिली दगडफेक आणि पहिला धूर आमच्या दारात. मी बावीस वर्षांची, फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट, आणि तोंडाने फटकळ. बाबा नुकतेच कारकुनीतून निवृत्त झालेले. महाबळेश्वरला पंधरा दिवस मधमाश्या पाळायला शिकून आले ते येताना सातेरी माश्यांची एक लाकडी पेटी घेऊनच. आई म्हणाली, "लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात, आमच्या ह्यांनी माश्या आणल्या!" चाळीच्या गच्चीवर, चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या ठेवून, ती पेटी बसली. वाट्या मुंग्या वर चढू नयेत म्हणून. त्यात रोज पाणी घालायचं काम माझं.

जानेवारीतल्या त्या दुपारी मी वाट्याच भरत होते. बाबा दादरला आत्याकडे अडकलेले. खाली आरडाओरडा झाला, फटाफट आवाज आले आणि पांढरा धूर कठड्यावरून आत आला. डोळ्यांत मिरची घातल्यासारखं झालं. मला काही सुचेना. बाबांचा जुना पंचा दोरीवर वाळत होता, तो फाडला, भिजवला आणि पेटीच्या दाराच्या फटीत गच्च कोंबला. वरून घोंगडी टाकली, तिच्या कडा खाली खोचल्या. मनात म्हटलं, वाचवल्या बाबांच्या माश्या. खरं सांगते, खाली उतरताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

तासाभरात पोलिसांनी गच्च्या बंद करायला लावल्या. दाराला कुलूप पडलं, बाहेर संचारबंदी. पहिला दिवस मी स्वतःची समजूत काढली. दुसऱ्या दिवशी बाबा कसेबसे घरी पोचले आणि पहिला प्रश्न, "माश्या कशा आहेत?" मी म्हटलं, "असतील की, त्यांना काय होतंय." पंच्याचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या दिवशी कुलूप निघालं तेव्हा मी बाबांच्या पुढे धावत गच्चीवर गेले, बोळा उपसला, घोंगडी ओढली आणि दोन्ही पाण्याच्या टाकीमागे टाकली. पेटी हाताला गरम लागत होती. बाबांनी झाकण उघडलं. पोळी वितळून खाली बसली होती आणि मधात भिजलेल्या माश्यांचा तळाशी चिखल झाला होता. बाबा खाली बसले. मग म्हणाले, "हरामखोरांनी मुक्या जिवांनाही सोडलं नाही गं."

तिथेच बोलायला हवं होतं. नाही बोलले. त्या रात्री बाबांच्या शिक्षणाचं माहितीपुस्तक काढून वाचलं. त्यातली बाबांनी फक्त चित्रं बघितली असावीत, कारण दहाव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: पेटीचं दार कधीही पूर्ण बंद करू नये, माश्या घाबरून तापतात आणि आपल्याच उष्णतेने गुदमरून मरतात. पुस्तक मी माझ्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवलं. बाबांनी ते कधी मागितलंही नाही.

मार्चमध्ये बाबांच्या एका मित्राने निरोप धाडला की फणसवाडीत त्याच्या जिन्याखाली रिकाम्या खोक्यात माश्यांनी घर केलंय, न्यायच्या असतील तर न्या, नाहीतर जाळतो. बाबांना हुरूप आला. मला धडकी भरली. तरी गेले. नाही म्हणायला कारण काय सांगणार? एकेक पोळं सुरीने कापून बाबा पेटीतल्या लाकडी चौकटीत बसवत होते आणि मी केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधत होते. राणीमाशी सापडेपर्यंत बाकीच्या माश्या पेटीत जाईनात. शेवटी ती तिसऱ्या पोळ्याच्या कडेला दिसली, बाबांनी अलगद पेटीत घेतली आणि मागोमाग सगळ्या जणी निमूट चालू लागल्या. मला हातावर सहा डंख आणि गालावर एक. आई म्हणाली, "बरं झालं, थोडी गोरी दिसतेयस सुजून."

पंधरा दिवस साखरेचा पाक दिला. माश्या टिकल्या. एप्रिलमध्ये नवं पांढरं पोळं दिसलं तेव्हा बाबांनी चाळभर पेढे वाटले आणि प्रत्येक दारात जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. पेढ्यांचं ताट माझ्या हातात होतं.

मेअखेरीस चौपाटीवर सभा होती. दुपारपासून पोलिसांच्या गाड्या उभ्या. चारच्या सुमारास नाक्यावर घोषणा वाढल्या आणि तोच फटाफट आवाज आला. बाबा ताडकन उठले. बादलीत टॉवेल बुचकळला आणि जिना चढू लागले.

"बाबा, कुठे?"

"दार बंद करायला. गेल्या वेळी मी इथे नव्हतो. असतो तर बंद केलं असतं, वाचल्या असत्या बिचाऱ्या."

मी मागे धावले. गच्चीवर ऊन असं की पाय टेकवेना. बाबा पेटीपाशी वाकले होते, टॉवेलची घडी करत होते. खालून धुराचा पहिला लोट कठड्याशी आला. माश्या दारात गोळा होऊन गुणगुणत होत्या. मी टॉवेल धरला.

"सोड! वेळ नाही!"

"बंद केलं तर मरतील."

"कोण सांगतंय तुला?"

"मी केलं होतं बंद! जानेवारीत. तुमच्या पंच्याने. गॅसने नाही मेल्या बाबा, मी मारल्या. दहाव्या पानावर लिहिलंय, पुस्तक माझ्या ट्रंकेत आहे."

टॉवेलचं पाणी त्यांच्या धोतरावर गळत होतं. मग त्यांनी टॉवेल माझ्या हातात सोडून दिला. पेटीचं दार उघडंच राहिलं. आम्ही दोघं डोळे पुसत खाली आलो. जिन्यात ते एकदाच बोलले, "पाच महिने मी लोकांना खोटं सांगत फिरलो?" मी रडायला लागले तर म्हणाले, "आता रडू नकोस, मला अजून राग आलेला नाही."

आला, आणि चांगला दोन दिवस टिकला. माझ्या हातचा चहा घेतला नाही. आईने मध्यस्थी केली तर तिच्यावरही खेकसले. मी कचेरीतून आले की आधी गच्चीवर जाऊन बघायची. थोड्या माश्या मेल्या होत्या, दाराशी पडल्या होत्या. बाकीच्या कामाला लागल्या होत्या.

तिसऱ्या संध्याकाळी बाबांनी कोट चढवला. "चल," म्हणाले.

"कुठे?"

"ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांच्याकडे. सगळ्यांकडे."

पहिलं दार समोरच्या काकूंचं, चाळीतली प्रत्येक बातमी तिथूनच सुटायची. काकू हात पुसत आल्या. बाबा उंबऱ्याबाहेरच ताठ उभे राहिले.

"मागच्या खेपेला माझ्या माश्या गॅसने मेल्या नाहीत. पेटीचं दार बंद राहिलं, म्हणून मेल्या. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"अगं बाई!" काकूंनी माझ्याकडे नजर टाकली. "बंद कोणी केलं होतं?"

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जोरातच.

"घाबरलेल्या माणसाने," ते म्हणाले. "पुढचं विचारू नका."

आणि पुढच्या दाराची कडी वाजवायला निघाले. अजून एकवीस बिऱ्हाडं बाकी होती.