जिंकणाऱ्यांच्या खुर्च्या सांभाळणारी

माझ्या थोरल्या बहिणीला सिनेमातल्या सगळ्या बड्या लोकांनी जवळून पाहिलंय, पण त्यातल्या एकालाही ती आठवणार नाही. त्यांचा काही दोष नाही म्हणा. कुणाच्या लक्षात न राहणं हेच तिचं काम.

दरवर्षी ते सिनेमाचे मोठे पुरस्कार देतात ना, त्याचं बोलतेय मी. टीव्हीवर सभागृह कसं गच्च भरलेलं दिसतं. नाव पुकारतात, जिंकणारा उठतो, मिठ्या मारत वर जातो. त्याची खुर्ची कधी रिकामी दिसलीय तुम्हाला? दिसणारच नाही. तो दोन पावलं जातो न जातो तोवर आमची ताई तिथे जाऊन बसलेली असते. भिंतीकडेला आम्ही पंधरा-वीस माणसं भारी दिसणारे कपडे घालून उभी असतो, कानात यंत्र खुपसून. आमचा मुकादम कानात पुटपुटतो, "तिसरी रांग, सात नंबर," की निघायचं. खुर्चीवरच्या पर्सला हात लावायचा नाही. शेजारच्याशी आपणहून बोलायचं नाही. टाळ्या वाजवायच्या, पण शेजाऱ्यापेक्षा कमी. आणि खुर्चीचा मालक परत आला की त्याने तोंड उघडायच्या आत उठायचं.

ताई यात पडली तीही अपघातानेच. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान, म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखाली एक शिलाई मशीन आणि एक स्टूल. भावोजी गेले तेव्हा पोरगा चार वर्षांचा होता, तो त्या मशीनच्या पायाशी चिंध्यांत बसून मोठा झाला. एका वर्षी सोहळ्यात कुणाचा तरी पायघोळ झगा उसवला म्हणून तिला सुईदोरा घेऊन बोलावलं. काम झालं, ती निघाली, तेवढ्यात मुकादमाने तिचा दंड धरून सांगितलं, "बाई, तिथे दोन मिनिटं बसा, काही करू नका." ती बसली आणि तिने खरंच काही केलं नाही. मुकादम तिच्यावर बेहद्द खूश झाला. त्याला म्हणे असं माणूस वर्षानुवर्षं मिळालं नव्हतं. त्यालाही सतरा वर्षं झाली. मला तिनेच नंतर आत घेतलं. मला मात्र काही न करणं जमत नाही, दरवर्षी बोलणी खाते.

आता भाच्याचं सांगते. तो बोलताना अडखळतो. थोडंथोडकं नाही, एखाद्या शब्दाशी असा अडून बसतो की ऐकणाऱ्यालाच तो पुरा करून द्यावासा वाटावा. शाळेत पोरांनी त्याला सळो की पळो करून सोडलं होतं. आणि गंमत बघा, हाच मुलगा पुढे झाला सिनेमाचा संकलक. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि दुसऱ्यांची अडखळलेली वाक्यं कापून सरळ करायची. मी त्याला म्हणायचे, "बरं आहे बाबा, जगाची तोंडं नीट करतोस." तो हसायचा. माझ्यावर रागवायचा नाही कधी, गुणी आहे पोरगा.

यंदा त्याचं नाव पुरस्काराच्या यादीत आलं. आम्ही दोघी बहिणी हरखलो, आणि हा मान खाली घालून बसला. म्हणाला, "जिंकलो तरी मी वर जाणार नाही. दिग्दर्शक जातील." ताई उठून भांडी घासायला लागली, तीही घासलेलीच. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अरे शहाण्या, सतरा वर्षं ही बाई दुसऱ्यांच्या लेकरांची भाषणं ऐकतेय, तीही त्यांच्या खुर्चीत बसून. तुझं एक ऐकू दे की तिला." फार लागेल असं बोलले, कळत होतं मला. तो मग म्हणाला, "आई समोर बसली तर बोलेन. तिच्याकडे बघूनच. दुसरीकडे बघितलं की संपलं."

त्याला दोन तिकिटं होती. म्हणजे ताई पहिल्यांदाच पाहुणी म्हणून जाणार होती. मग महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात तालीम चालली. हा फ्रिजला टेकून उभा, हातात पुरस्कार म्हणून पाण्याची बाटली, ताई समोर स्टुलावर आणि मी घड्याळ धरून. वर पंचेचाळीस सेकंद मिळतात, पुढे वाद्यवाले वाजवायला लागतात आणि माणसाला बोलता बोलता खाली पाठवतात. पहिल्या आठवड्यात पंचेचाळीस सेकंदांत त्याचे तीन शब्द व्हायचे. पण तिच्या तोंडाकडे बघत बघत हळूहळू भाषणाचा सगळा कागद पुरा व्हायला लागला. एकदा मी मध्येच खोकले आणि त्याने माझ्याकडे बघितलं, तर जो अडकला तो अडकलाच. म्हणून पुढे मी खोकलासुद्धा गिळायला लागले.

सोहळ्याच्या संध्याकाळी पाचव्या रांगेत कडेची पहिली खुर्ची त्याची, दुसरी ताईची. मी नेहमीसारखी भिंतीला, कामावर. तिथून मला तिची पाठ दिसत होती, ताठ, काठी गिळल्यासारखी. संकलनाची पाच नावं वाचली. पाकीट फोडलं. त्याचं नाव आलं.

मला टाळी वाजवायलाही सुचलं नाही. तो उठला, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाला. मी बघते तर काय, खुर्ची रिकामी झाल्याबरोबर ताई अलगद सरकली आणि त्याच्या खुर्चीत बसली. पाठ सरळ, हात मांडीवर, चेहऱ्यावर ते कामाचं अर्धं हसू. सतरा वर्षांचं वळण, जाणार कुठे? मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मुकादम कानात म्हणाला, "पाचवी रांग, दोन नंबर रिकामी. जा लवकर."

काय करणार? गेले. तिचे गुडघे ओलांडून तिच्या जागेवर बसले आणि दातांतल्या दातांत म्हटलं, "ताई, अगं आपल्या जागेवर ये, तो इथे बघेल." ती ओठ न हलवता म्हणाली, "गप्प बस, कॅमेरा आहे." ती पाहुणी आहे हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

तोवर तो माइकपाशी पोचला होता. त्याने दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं आणि त्याला दिसले मी. लहानपणी त्याला सगळ्यात जास्त ओरडलेली मावशी. त्याने तोंड उघडलं. शब्द येईना. त्याने हातातला कागद उलटसुलट करून पाहिला. लोक खुर्चीत चुळबुळायला लागले. मला वाटलं, संपलं, महिन्याची मेहनत पाण्यात गेली आणि तीही माझ्या या थोबाडामुळे. आता हा पुन्हा कधी चार माणसांत उभा राहायचा नाही.

मग मी नियम मोडला. हात वर केला आणि शेजारी बोट दाखवलं, सरळ ताईच्या डोक्यावर.

त्याने बघितलं. आपल्याच खुर्चीत कामाला बसलेली आई दिसली त्याला. आणि तो हसला हो, माइकमध्ये, पोट धरून. मग कागदाची घडी करून खिशात टाकली.

"माझी आई," तो म्हणाला. त्या एका 'माझी'ला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. "माझी आई तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. सतरा वर्षं. तुम्ही इथे वर आलात की ती तुमच्या खुर्चीत बसते. तुम्ही परत गेलात की उठते. आज ती सवयीने माझ्या खुर्चीत बसलीय." पुन्हा अडकला. पंचेचाळीस सेकंद कधीच होऊन गेले होते. मी वाद्यवाल्यांकडे बघितलं. त्यांच्या म्होरक्याने हातातली काठी खाली ठेवून दिली होती आणि तो हाताची घडी घालून ऐकत होता. त्या माणसाला मी ओळखत नाही. पण देव त्याचं भलं करो, मी हे रोज म्हणते.

"मला कागदावर खूप जणांचे आभार मानायचे होते," भाचा म्हणाला. "ते मी एकेकाला भेटून मानीन. आत्ता एवढंच सांगतो. मी खाली आलो तरी तिला कुणी उठवू नका."

अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. पुढच्या रांगेतली एक वयस्कर नटी, तीन वेळा जिंकलेली, मागे वळली आणि ताईचा हात हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे माझी खुर्चीसुद्धा तुम्हीच..."  ताईच्या डोळ्यांना धार लागली होती, तरी पाठ ताठच.

भाचा खाली आला. त्याचे बूट दिसले मात्र, ताई उठायला लागली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मी उठून वाट दिली. बोट दाखवल्याबद्दल आता कानात शिव्या येणार म्हणून मी तयारच होते, पण यंत्रात नुसता मुकादमाचा नाक ओढल्याचा आवाज आला.

ताईने हळूच विचारलं, "मी चुकले का रे?"

"नाही," तो म्हणाला, न अडखळता. पुरस्कार तिच्या मांडीवर ठेवून तो दुसऱ्या खुर्चीत बसला, आणि सोहळा संपेपर्यंत ती तिथून उठली नाही.